अठ्ठावीस कलमं, नऊ जण आणि एक वाचनालय

पत्र

आमच्या तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकं 11,000 च्या आसपास, सभासद साडेतीनशे, ग्रंथपाल बाई एकट्या. तिथेच वाचून मोठे झालेले आम्ही नऊ जण आता प्रोग्रॅमिंग करतो. चौघं पुण्यात नोकरीला, पाच जण अजून इंजिनिअरिंगला. मार्चमध्ये ठरवलं की वाचनालयाला फुकट सॉफ्टवेअर करून द्यायचं. पहिल्याच बैठकीत 28 कलमांची यादी झाली: अँड्रॉइड आणि आयफोनचं ॲप, वेबसाइट, बारकोड, एसएमएस, यूपीआयने वर्गणी आणि दंड, ई-बुकं, ‘तुम्हाला हेही आवडेल’ असं सुचवणारं एआय आणि पुढे महाराष्ट्रातल्या सगळ्या वाचनालयांना वापरता येईल अशी सोय. आता जुलै उजाडला. लोगो झालाय. फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह (ॲप बनवायची दोन वेगळी साधनं) यावरून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. आणखी दोघं ग्रुपवर मेसेज नुसते वाचतात. यादीतलं काही काढू म्हटलं की ज्यानं सुचवलं त्याला लागतं. मागच्या आठवड्यात बाईंनी विचारलं, “काय, कुठवर आलं?” मला उत्तर देता आलं नाही. आणखी चार-पाच जण घ्यावेत, की यादी कापावी? कापायची तर कुठून?

– नाइलाजाने झालेला संयोजक, सातारा जिल्हा

उत्तर

प्रिय संयोजक,

यादी कापायला बसू नका. बसलात की प्रत्येक कलमाला एक वकील उभा राहील आणि रविवार संपेल. यादी आहे तशी बाजूला ठेवा आणि दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करा. तुमच्याकडे तास किती आहेत?

बैठकीत सांगितलेले तास मी धरत नाही. नऊ जणांचे आठवड्याला सहा-सहा तास म्हणजे 54. ऐकायला छान वाटतं. पण मार्चपासून दर आठवड्याला खरोखर हात लावणारे किती? तुमच्या पत्रावरून मला तिघं दिसतात, तेही रविवारचे तीन-तीन तास. म्हणजे आठवड्याला नऊ. हा आकडा लाजिरवाणा अजिबात नाही. फावल्या वेळच्या कामाला असाच वेळ मिळतो. नोकरीवाल्यांचं रिलीज येतं, मुलांची सबमिशन्स येतात, कुणाच्या घरी साखरपुडा निघतो. गणपतीत तर तुमच्यातले निम्मे मंडळाच्या मांडवात असतील, ते आताच धरून चाला.

आता एक तारीख पकडा. 15 ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, आपल्याकडे ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. वाचनालयात त्या दिवशी कार्यक्रम असतो, चार माणसं जमतात. तुमचं काम त्या दिवशी टेबलावर चालू स्थितीत दिसलं पाहिजे. आजपासून साधारण तेरा आठवडे, गणपतीचे दोन वजा केले की अकरा. अकरा गुणिले नऊ, ढोबळ शंभर तास. त्यातले निम्मे वाचनालयाचा कारभार समजून घेण्यात, एकमेकांचं काम तपासण्यात आणि चुका काढण्यात जाणार. हातात पन्नास तास उरले. तुमच्या प्रकल्पाचा आवाका एवढाच. आता या पन्नास तासांत काय बसवायचं, ते ठरवायला तुम्ही नऊ जण योग्य माणसं नाही आहात. ते बाई ठरवतील.

त्यांना ‘तुम्हाला काय काय हवं?’ असं मात्र विचारू नका. नाहीतर एकोणतिसावं कलम येईल. त्याऐवजी तुमच्यातल्या दोघांनी दोन संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशेजारी वही घेऊन बसावं आणि काय घडतं ते फक्त लिहून काढावं. सभासद येतो, जुनं पुस्तक टेबलावर ठेवतो, आपला क्रमांक सांगतो. बाई त्या क्रमांकाचं पान काढतात, नोंद खोडतात, नवीन पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयात आल्यावर नोंदवहीत पुस्तकाला मिळालेला) आणि तारीख लिहितात, सही घेतात. यात त्यांना अडचण कुठे येते? माझा अंदाज सांगतो, तुम्ही पडताळून बघा. ही नोंद बाई अर्ध्या मिनिटात करतात, आणि एवढ्या वर्षांच्या सवयीपुढे तुमचं कुठलंही ॲप संथच वाटणार. घोडं अडतं ते दोन प्रश्नांशी. “ते अमुक पुस्तक आपल्याकडे आहे का?” आणि “असेल तर सध्या कुणाकडे आहे?” पहिल्यासाठी कपाटं धुंडाळावी लागतात, दुसऱ्यासाठी साडेतीनशे पानं उलटावी लागतात.

अंदाज बरोबर निघाला तर पहिल्या आवृत्तीत दोनच गोष्टी आल्या: पुस्तक शोधणं, आणि दिलं-घेतल्याची नोंद. बाकीच्या सव्वीस कलमांना ऑक्टोबरपर्यंत हात लावायचा नाही.

इथे मी तुम्हाला जरा घाबरवणार आहे. या दोन गोष्टींचा प्रोग्रॅम तुमच्यातला तिसऱ्या वर्षाचा मुलगाही लिहील. अवघड आहे ती पुस्तकांची यादी. 11,000 पुस्तकं, प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर 550 तास. तुमच्याजवळ शंभरसुद्धा नाहीत! बारकोड स्कॅन केला की माहिती आपोआप येईल, असं कुणीतरी म्हणालं असणार. त्या बारकोडमध्ये असतो तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. त्याची पद्धत जगात 1970 च्या सुमारास सुरू झाली आणि मराठी पुस्तकांवर तो क्रमांक सर्रास दिसायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. तुमच्या वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्या, पिवळी पडलेली चरित्रं, पुठ्ठा बांधलेले दिवाळी अंक यांच्यावर तो नाहीच. ज्यांच्यावर आहे त्यातल्याही कित्येक मराठी पुस्तकांची माहिती इंटरनेटवर एकतर सापडत नाही, नाहीतर रोमन लिपीत सापडते. थोडक्यात, टाइप करावं लागणार.

म्हणून आवाका इथे कापा, नोंदींमध्ये. पुस्तकामागे चारच रकाने: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकार. प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत हे सगळं दाखल नोंदवहीत आहेच, ते तिथेच राहू द्या. चार रकाने एका मिनिटात भरतात. एका पुस्तकाच्या तीन प्रती असल्या तरी प्रत्येकीचा दाखल क्रमांक वेगळा असतो, त्यामुळे ओळख पटवायला तोच पुरे, नवीन क्रमांकांची टूम काढू नका. शिवाय सगळी कपाटं एकदम हाती घेऊ नका. पुस्तक परत आलं की ते कपाटात जाण्याआधी त्याची नोंद करायची, एवढा नियम करा. जी पुस्तकं फिरतात ती दोन-तीन महिन्यांत आपोआप यादीत येतील. वीस वर्षांत कुणी न उघडलेला खंड ऑक्टोबरपर्यंत यादीत आला नाही तर त्याच्याविना कुणाचं अडणार नाही. या कामाला प्रोग्रॅमर लागत नाही, हा आणखी एक फायदा. निवृत्त शिक्षक, अकरावीच्या मुली, रोज पेपर वाचायला येणारे काका, ज्याला मराठी टाइप करता येतं तो प्रत्येक जण चालेल. माणसं वाढवायची तर इथे वाढवा.

प्रोग्रॅमिंगच्या बाजूला मात्र एकही वाढवू नका. आयबीएममध्ये सिस्टिम/360 या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम ज्यांच्या देखरेखीखाली झाली त्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं घातली की उशीर आणखी वाढतो. हिशोब सरळ आहे. तिघांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात, नऊ जणांत छत्तीस, तेरा जणांत अठ्ठ्याहत्तर. तुमच्याकडे छत्तीसपैकी एक जोडी फ्लटरवरून बंद पडली तरी चार महिने गेले.

आता मराठी शोधाबद्दल थोडं, कारण हा तुमच्या पन्नास तासांतला खरा कस लावणारा भाग आहे आणि यादीत त्याचा उल्लेखही नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात, स्वतंत्रपणे आलं ते 2008 मध्ये. त्याआधी, आणि अजूनही बरेच जण, ‘अ’ला चंद्र जोडून ‘अॅ’ लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, संगणकाच्या लेखी ती वेगळी. काकांनी ‘ॲडव्होकेट’ एका प्रकारे टाइप केलं आणि सभासदानं दुसऱ्या प्रकारे शोधलं तर उत्तर येणार ‘पुस्तक नाही’. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्याचीही तीच कथा, तो कळफलकावर दोन वेगळ्या वाटांनी उमटतो. त्यात 1962 च्या लेखननियमांआधी छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’, ‘नांव’ असे जुने अनुस्वार असतात, आणि शोधणारा आजच्या पद्धतीने शोधतो. उपाय फार अवघड नाही. साठवताना मूळ रूप ठेवा, शोधासाठी आत एक सपाट केलेलं रूप तयार करा: अनुस्वार काढलेलं, ऱ्हस्व-दीर्घ एक केलेलं, अदृश्य जोडचिन्हं गाळलेलं, दोन्ही ‘ॲ’ एकच धरलेलं. सभासदाने टाइप केलेला शब्दही असाच सपाट करून मग जुळवा. या एका गोष्टीवर पंधरा तास गेले तरी चालतील. बाईंनी पाच पुस्तकं शोधली आणि त्यातली दोन समोर कपाटात असून ‘नाही’ आली, तर सहावं त्या शोधणार नाहीत.

आधीच्या कुठल्या कमिटीने यादी टाइप करून ठेवली असेल तर ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली असण्याची शक्यता फार. रूपांतर करता येतं, पण जोडाक्षरं तपासायला माणूस बसवावा लागतो. शंभर ओळी करून बघा. चुका फार निघाल्या तर सोडून द्या.

तुमच्या 28 कलमांतली काही दिसायला लहान आहेत, म्हणून चार शब्द. एसएमएस: भारतात संस्थेच्या नावाने असे संदेश पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांनुसार संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याचीही आधी नोंदणी लागते. मुदत संपलेल्यांची यादी रोज संध्याकाळी बाईंना पडद्यावर दिसली तर मदतीला येणारं कुणीही फोन करील. यूपीआय: पैसे आले की पावती आली, कोषाध्यक्ष आले, कार्यकारिणीचा ठराव आला, हिशोबतपासनीस आले. दोन रुपये दंडासाठी एवढं लटांबर कशाला? आयफोनचं ॲप: ॲपल वर्षाला 99 डॉलर घेतं, दर वर्षी. ते कोण भरणार? मोबाइलवर नीट उघडणारं साधं वेबपान दोन्ही फोनांना चालतं. ई-बुकं: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे लोकांना वाचायला आवडणारं बहुतेक सगळं तुम्हाला स्कॅन करून ठेवता येणार नाही. एआयची शिफारस: कुणी काय वाचलं याच्या नोंदी वर्षभर साठल्याशिवाय ते यंत्र शिफारस करणार कशाच्या जोरावर? आणि कोण काय वाचतो ही त्याची खासगी बाब आहे, हे विसरू नका. पुस्तक परत आलं की ‘कुणी नेलं होतं’ ही नोंद संगणकातून पुसून टाकणारी व्यवस्था मला जास्त पसंत आहे. सभासदाचा आधार क्रमांक तर मागूच नका.

राहिलं सगळ्या महाराष्ट्राचं. ते कलम आजच्या आज यादीतून जाऊ द्या. एका टेबलावर चाललेलं दुसऱ्या वाचनालयाने मागितलं तर बघता येईल. न मागणाऱ्या हजारो वाचनालयांसाठी आधीच सोयी करून ठेवणं म्हणजे पाळण्याआधी मुंजीच्या पत्रिका छापण्यासारखं आहे.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मीच विचारतो. हे सॉफ्टवेअर नव्याने लिहायचंच कशाला? कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर ग्रंथालयांसाठीच आहे. केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. कोहाचा जन्म तुमच्यासाठी वाचनीय आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकप्रणाली 2000 साल झेपणारी नव्हती. 1999 मध्ये त्यांनी एका लहान कंपनीकडून नवी लिहून घेतली आणि जानेवारी 2000 मध्ये ती चालू झाली. तारीख कॅलेंडरनेच ठरवलेली, पुढे ढकलायची सोय नाही, त्यामुळे ज्यावाचून देवघेव अडेल तेच आधी आलं. ग्रंथालयशास्त्रात ज्याला मानाचं पान आहे तो मार्क हा नोंदींचा नमुनासुद्धा त्यात सुरुवातीला नव्हता. तो नंतर अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाने पदरचे पैसे घातले तेव्हा आला. आज कोहा जगभर वापरलं जातं, आणि ‘सर्वांसाठी’ हे काम सुरुवातीला कुणाच्याच डोक्यावर नव्हतं.

माझं मत असं. तुमच्यातला एखादा जण लिनक्सचा सर्व्हर पुढची पाच वर्षं सांभाळायची जबाबदारी खरोखर घेणार असेल, तर कोहा बसवा आणि तुमचे सगळे तास मराठी नोंदींवर आणि शोधावर घाला. असा माणूस नसेल, तर या रविवारी एक साधी स्प्रेडशीट उघडा, चार रकाने करा आणि नोंदी सुरू करा. प्रोग्रॅम मागाहून त्याच यादीवर चढेल. विकिपीडियाही जानेवारी 2001 मध्ये आयत्या मिळालेल्या विकी प्रोग्रॅमवर सुरू झाला होता, स्वतःसाठी लिहिलेला प्रोग्रॅम वर्षभराने आला. प्रोग्रॅमर मंडळींना हे रुचत नाही, मला कल्पना आहे. नवीन काहीतरी लिहायची हौस असते, सीव्हीवर दाखवायचं असतं. हौस वाईट नाही, पण तिचा खर्च बाईंच्या माथी मारू नये.

फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्हच्या भांडणाचा निकाल यातच लागतो. ॲपच करायचं नाहीये. वेबपान करा, आणि नियमित येणाऱ्या तिघांपैकी दोघांना आज जे येतं त्यातच करा. जो काम करतो तो हत्यार निवडतो. बाकीच्यांनी मत द्यावं, पण ते मोजू नये.

माणसांबद्दल. ज्याचं कलम बाजूला पडलं त्याला समजावत बसायची गरज नाही, पण त्याचं कलम लिहून ठेवा. ‘ऑक्टोबरनंतर’ अशी एक यादी करा, प्रत्येक कलमापुढे सुचवणाऱ्याचं नाव, आणि त्याला सांगा की 15 तारखेनंतर हे तू हाती घेतलंस तर रस्ता मोकळा आहे. माझ्या पाहण्यात यातली फार थोडी कलमं पुन्हा कुणी विचारतं. ‘कधीच नाही’ अशी दुसरी यादीही करा. यूपीआय आणि सगळा महाराष्ट्र मी त्यात टाकीन. नुसत्या ‘बघू’वर ठेवलेलं कलम दर बैठकीला पुन्हा टेबलावर येतं आणि अर्धा तास खातं. या दोन याद्यांवर शेवटचा शब्द बाईंचा, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर मित्र रुसतो, त्या म्हणाल्या तर कुणी रुसत नाही. त्यांनी तुमच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी ‘पुस्तक वेळेवर आणत जा’ म्हणून झापलेलं आहे.

ग्रुपवर नुसते मेसेज वाचणारे ते दोघं. ग्रुपवर सगळ्यांसमोर त्यांना टोमणे मारू नका. वेगळा फोन करा आणि सरळ विचारा, “ऑक्टोबरपर्यंत जमेल का? नाही म्हणालास तरी चालेल.” बऱ्याचदा माणूस संकोचाने गप्प असतो, मोकळं केलं की हायसं वाटतं. एखादा म्हणेल, महिन्यातून एकदा मराठी शोध तपासून देतो. तेवढंच घ्या. कामाचे तुकडे मात्र एका बैठकीत संपतील एवढेच करा. ‘शोधाचं पान’ असं काम दिलंत तर ते महिनाभर ‘चालू आहे’ राहील. ‘दोन्ही ॲ सारखे धरणं’ असं दिलंत तर रविवारी संध्याकाळी झालं की नाही ते कळतं, आणि करणारा मध्येच गळाला तरी मागे अर्धवट ढीग राहत नाही.

बाईंना आज एक गोष्ट स्पष्ट सांगा, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल: वह्या बंद करायच्या नाहीत. अनुदानित वाचनालय आहे, तपासणीला दाखल नोंदवही समोर ठेवावी लागते. देवघेवीची वहीही निदान सहा महिने संगणकाच्या जोडीला चालू ठेवा. गावात दिवे जातात, इंटरनेट जातं, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी पावसाळी सुट्टीमुळे सगळे सभासद येतात. तेव्हा वही चालली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरून संगणकात भरता आलं पाहिजे. ‘काल वहीत लिहिलेलं आज भरा’ अशी सोय मी पहिल्या आवृत्तीत घालीन, एसएमएसच्या कितीतरी आधी.

आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर घेतलंय ते तपासा. लोगो करणाऱ्या मुलाने उत्साहात स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असणार. तो उद्या नोकरीला बंगळुरूला गेला आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या मेलवर पडून राहिली, तर वाचनालयाचं पान एका सकाळी गायब. डोमेन, सर्व्हर आणि यादीचा मालकीहक्क वाचनालयाच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घाला, पाकीट बाईंच्या कपाटात आणि एक प्रत कार्यवाहांकडे. अर्ध्या तासाचं काम आहे, रविवारच्या बैठकीआधीच उरका.